दोन ठिपक्यांमधला टाका

पोस्टमनने कोपरा फाडलेलं कार्ड वर्गात आणून दिलं. अशा कार्डावर कोणाच्या तरी मरणाची बातमी असते, हे कळायला अक्षर वाचावं लागत नाही. मी ते टेबलावर पालथं घातलं आणि फळ्यावरचं गणित पुढे सोडवत राहिलो. खरं सांगायचं तर मी भ्यालो होतो. कार्डावरचा अनसिंगचा शिक्का मला दिसला होता. अनसिंगला माझं म्हणावं असं एकच माणूस होतं, आणि त्याला एक गोष्ट सांगायची माझ्याकडून राहून गेली होती... अनसिंगचे कापडवाले नेमासा गेले, त्याला आता महिना झाला.

वाशिमला बदली होण्याआधी मी पाच वर्षं त्यांच्या दुकानामागच्या खोलीत राहत होतो. शाळा सुटली की दुकानातल्या गादीवर बसायचं आणि नेमासा दिवस मावळायच्या आत जेवायला उठेपर्यंत वाद घालायचा, हा आमचा शिरस्ता. ते जैन. हे जग कोणी केलेलं नाही, त्याला आदी नाही आणि अंतही नाही, हे त्यांना हातातल्या कापड मापायच्या गजाइतकं पक्कं ठाऊक. मी विज्ञान शिकवणारा, चोवीस वर्षांचा, आणि नुकतीच शिंगं फुटलेली. माझं सगळं शांतपणे ऐकून ते म्हणायचे, "मास्तर, तुमचं इज्ञान अजून दुधपितं हाये. त्याले दात येऊ द्या." मग मीच हसायचो आणि हरायचो.

त्यांची एकुलती मुलगी रतन. लग्न होऊन पूर्णेकडे गेली आणि वर्षाच्या आत पहिल्या बाळंतपणात गेली. भेटायला येणाऱ्यांनी एकच सांगितलं, जीव अनादी आहे. रतन संपली नाही, तिने फक्त घर बदललं. त्या एका वाक्याच्या आधाराने नेमासा पुन्हा दुकानात येऊन बसले. हे मी डोळ्यांनी पाहिलं होतं. पाहूनही जे केलं ते केलं.

नागपूरच्या माझ्या मेहुण्याने एक इंग्रजी मासिक पाठवलं होतं. फार दूरच्या तारकाविश्वांचा उजेड तांबड्याकडे सरकलेला दिसतो, म्हणजे ती आपल्यापासून लांब पळताहेत, असं त्यात होतं. मी मासिक घेऊन थेट दुकानात गेलो. नेमासांना समजावं म्हणून म्हणालो, स्टेशनात गाडी येताना शिट्टी बारीक लागते, पुढे निघून जाताना जाड होते. दूर जाणाऱ्याच्या उजेडाचंही तसंच होतं. ते म्हणाले, "माहीत हाये मले. रतनची गाडी गेली तवा आयकलं होतं."

तिथेच माझी जीभ थांबायला हवी होती. मी फळीवरची रबरी नाडी घेतली, तिच्यावर शाईचे दोन ठिपके दिले आणि ताणली. ठिपके लांब गेले. आता उलटं बघा म्हणून सैल सोडली, तर जवळ आले. कापड विकणाऱ्याला याहून जास्त सांगावं लागत नाही. समोर अर्धवट उलगडलेला तागा पडला होता, त्याच्याकडे पाहत ते म्हणाले, "म्हंजे जे उलगडून राह्यलं, ते कधीतरी गुंडाळेल होतं." मी म्हणालो, होय, सुरुवात होती, सिद्ध झालंय. नेमासांनी गज खाली ठेवला. "मंग रतनलेबी सुरुवात होती. आन् ज्याले सुरुवात हाये, त्याले..." त्या दिवशी सूर्य मावळला तरी ते उठले नाहीत, आणि मावळल्यावर खायचं नाही म्हणून उपाशीच राहिले.

त्याच लेखाला पुढे आणखी दोन पानं होती. विश्व पसरतंय हे मान्य, पण त्याला सुरुवात नाही. मधल्या मोकळ्या जागेत नवं द्रव्य निपजत राहतं आणि विश्व होतं तसंच राहतं, असं म्हणणारेही तितकेच मोठे शास्त्रज्ञ आहेत. वाद अजून मिटलेला नाही. ही दोन पानं मी वाचली होती. पहिल्यांदाच जिंकलो होतो ना... मी मासिक मिटून ठेवलं.

त्यानंतर नेमासा भिऊ लागले. गावातून मोटार भोंगा वाजवत लांब गेली की मापता मापता हात थबकायचा. कुठल्याही ताग्याची शेवटची घडी ते उलगडेनात. गिऱ्हाईक हटून बसलं तर दुसरा तागा काढून द्यायचे. लोकांना तो म्हाताऱ्याचा चक्रमपणा वाटे. मला मात्र कळत होतं. चोराच्या मनात चांदणं! एकदा त्यांनी हळूच विचारलं, "सुरुवातीच्या आधी काय होतं, मास्तर?" मी माहीत नाही म्हणालो. ती दोन पानं अगदी ओठांवर आली होती. पण मग इतके दिवस का लपवलं, हेही सांगावं लागलं असतं. पुढे बदली झाली. वाशिमहून अनसिंग ते काय लांब! पुढच्या रविवारी जाऊ, दिवाळीनंतर जाऊ, असं करत दोन वर्षं गेली.

कार्ड आल्यावर मात्र दुसऱ्याच दिवशी गेलो. नेमासांच्या पत्नी, वहिनी, माजघराच्या दारात बसल्या होत्या. त्यांच्यापाशी मी सगळं ओकलो. त्यांनी ऐकून घेतलं. रडल्या नाहीत, चिडल्याही नाहीत. "हे त्यायले कायले नाही सांगतलं?" एवढंच विचारलं. मग त्या आत गेल्या आणि नेमासांच्या गादीखाली सापडलेली एक वस्तू माझ्या हातात ठेवली.

ती नाडी होती. माझे दोन ठिपके अजून तसेच होते. नेमासांनी ते एकावर एक आणून पांढऱ्या दोऱ्याने शिवून टाकले होते... दुहेरी टाका, पक्की गाठ, कितीही ताणलं तरी लांब जाऊ नयेत म्हणून.

आता ती माझ्या टेबलाच्या खणात आहे. दोन पक्षांत खरं कोणाचं, मला माहीत नाही. उद्या कोणी सुरुवातीचा सज्जड पुरावा आणेल, मासिकात छापूनही येईल, आणि मी विज्ञानाचा मास्तर असून ते पान उघडायला भिईन. संध्याकाळी पूर्णेकडे जाणारी गाडी वाशिम सोडते, शिट्टी जाड होत जाते. मी खण उघडून टाका जागेवर आहे ना ते बघतो. ताणून मात्र बघत नाही.