डिझेल गळतंय कुठून?

यंदा हळद शिजवून, वाळवून झाली आणि ऐन पॉलिशच्या वेळी आमचं जुनं ट्रॅक्टर डिझेल गाळू लागलं.

हे ट्रॅक्टर सासऱ्यांनी घेतलं तेव्हा मी नवी नवरी होते. सातवी पास, त्यामुळे स्वतःला भलती शहाणी समजायचे. ट्रॅक्टरचा आवाज आला म्हणजे वर सासरे असणार, म्हणून डोक्यावर पदर घ्यायचे. इथवर ठीक. पण पुढं पुढं नुसत्या उभ्या ट्रॅक्टरसमोरून जातानाही पदर सावरायला लागले. एकदा सासरे गावाला गेलेले असतानाही मी त्याला वळसा घालून मागच्या दारानं पाणी आणलं. सगळ्या गल्लीनं पाहिलं. अशी मी हुशार!

आता या वयात त्याच ट्रॅक्टरखाली वाकून थेंब कुठून पडतो ते बघत होते. आमच्या मालकांचे गुडघे गेलेत, शेत लांब. पोरानं नवं ट्रॅक्टर घेतलंय, पण त्यावर तो त्यांना बसू देत नाही. हे जुनं मात्र त्यांच्या हाताचं. रोज सकाळी त्यावर बसून शेताला जायचं, तेवढंच त्यांचं बाहेर पडणं उरलंय. आणि पोरगा म्हणाला, "रविवारी भंगारवाला येऊन राहिला. तोवर गळणं थांबलं तर ठीक, न्हाई तर देऊन टाकू. गोठ्याला लागून डिझेल सांडून राहिलं, उद्या ठिणगी पडली म्हंजे?"

पोरगा चुकीचं बोलत नव्हता, हीच तकलीफ होती.

वारंगा फाट्याच्या मिस्त्रीकडं नेलं. फिल्टरखाली ओलं दिसत होतं म्हणून त्यानं फिल्टरचे वायसर बदलले. दिवसभर दुकानासमोर उभं ठेवलं, तर कोरडं ठणठणीत. घरी आणलं आणि सकाळी पाहतो तर खाली थारोळं. पुन्हा नेलं, पाइप बदलला. तिथं कोरडं, घरी ओलं. मिस्त्री वैतागून म्हणाला, "काका, याला काही झालं न्हाई. तुमच्या घरालाच काही तरी झालंय."

मालकांनी ते मनावर घेतलं. घरी येऊन मला विचारतात, "काहून गं, तू काही बोललीस का याला?"

"मी काहून बोलू? आमची बोलचाल होती कधी? मी तर पदर घेत होते!"

मालक हसले, पण मलाही काही उमगत नव्हतं. टाकीखालचा कॉक बंद केला तरी गळायचं. कॉक बंद म्हणजे पुढं डिझेल जायलाच नको, मग फिल्टरखाली येतं कुठून? गळती बुजवायला जोडावर साबण चोळला. मालक एका जागी बोट दाखवायचे आणि थेंब दुसरीकडून पडायचा. रविवार जवळ येत होता.

शनिवारी सकाळी मालकांनी टाकी काठोकाठ भरली. मी सगळं फडक्यानं पुसून कोरडं केलं आणि ज्वारीचं पीठ वरपासून खालपर्यंत भुरभुरवलं. परातीत पाणी कुठं राहिलं ते पिठावर लगेच दिसतं, एवढंच डोक्यात होतं.

"अगं, त्याच्या भाकरी करून राहिली का?" मालक ओरडले.

"गप बसा. खायच्या तुमालाच हायेत."

पीठ आधी ओलं झालं ते सगळ्यात वर, टाकीच्या झाकणाशी! तिथून एक काळपट रेघ टाकीच्या कडेनं उतरत उतरत फिल्टरवर आली आणि तिथं थेंब लोंबला. आम्ही सगळे खाली बघत बसलो होतो आणि गळत होतं वरून.

पण मग फाट्यावर का नाही? हे कोडं काही सुटेना. ट्रॅक्टरला टेकायला गेले आणि पाय घसरला, तेव्हा आमच्या अंगणाचा उतार ध्यानात आला. बॅटरी दमलेली, म्हणून मालक ट्रॅक्टर कायम उतारावर, तोंड खाली करून लावतात. सकाळी ब्रेक सोडला की गडगडत चालू होतं. टाकी भरलेली असली की सगळं डिझेल पुढं, झाकणाकडं येतं. मिस्त्रीच्या दुकानासमोर जागा सपाट, तिथं ढकलायला त्याची पोरं असतात.

"मंग टाकी कमी भरा," पोरगा म्हणाला.

"कमी भरली की उतारावर पाइपात हवा शिरून बंद पडतंय."

"झाकण बदला."

"टाकीचं तोंडच ठेचलंय. नवं बसत न्हाई."

"सपाट जागी लावा."

"अन् ढकलणार कोण? तू का तुझी माय?"

नव्या बॅटरीचं नाव पोरगा काढणार नव्हता, भंगाराला कोण घालील?

"तोंड फिरवा की त्याचं," मी म्हटलं. "नाक वर करून लावा."

"येडी झालीस का? चालू कसं व्हईल?"

"मागं गडगडत."

मला तरी कुठं खात्री होती! पण मालकांकडं दुसरा उपाय नव्हता. संध्याकाळी त्यांनी ते उलटं लावलं.

रविवारी सकाळी पोरानं खाली हात फिरवून पाहिला. हात कोरडा. मालक वर चढले, मागचा गिअर टाकला, ब्रेक सोडला. ट्रॅक्टर मागं सरकलं, धक्का खाल्ला, खोकलं, धूर सोडला आणि चालू झालं. पण मालक काही थांबेनात. बंद पडेल या भीतीनं मान मागं वळवून तसेच उलटे फाटकाबाहेर गेले, शेजाऱ्यांच्या दारावरून.

तेवढ्यात पोराचा फोन वाजला. भंगारवाला जवळच्या डोंगरकडा गावापर्यंत आला होता.

"आज येऊ नका भाऊ," पोरगा म्हणाला. "आमचा बा उलटा निघालाय शेताला. आधी त्याला सुलटा होऊ द्या."