न उघडलेली गाईडं

माझी मुलगी आठवीत होती तेव्हा तिला अभ्यासाची लाज वाटायची. म्हणजे करायची नव्हे, केला हे कुणाला कळायची. पहाटे पाचला उठून बसायची, सातपर्यंत गणितं सोडवायची आणि साडेसातला मैत्रीण बोलवायला आली की जांभई देत दारात जायची. "लई झोपले गं. काहीच झालं नाही."

मैत्रीण आमच्याच गल्लीतली, दोन घरं सोडून. मूळची कंधारकडची. वडील तिकडे शेती बघायचे आणि आई लेकरांच्या शाळेसाठी नांदेडात खोली करून राहिली होती. तीही तेवढ्याच जोरात म्हणायची, "माझं तर पुस्तकच सापडंना." पुस्तक न सापडणारी आणि झोपून राहणारी, या दोघी वर्गात पहिल्या-दुसऱ्या यायच्या. निकाल लागला की सरांना सांगायच्या, "सर, खूप मेहनत केली," आणि एकमेकींना, "तुक्का लागला." आम्ही लहानपणी अभ्यास न करता केला म्हणून सांगायचो. ही पिढी उलटी निघाली.

त्या वर्षी दोघींनी लातूरचं मनावर घेतलं. तिथल्या एका निवासी शाळेत प्रवेश परीक्षा घेऊन नववीला मुली घेतात. दोघींनी एकच खोली मागायची हे पक्कं होतं. खिडकीजवळच्या खाटेवरून भांडणही झालं होतं, शेवटी चिठ्ठ्या टाकल्या आणि खाट मैत्रिणीला गेली. एकटीनं जायची वेळ येईल हे दोघींच्या डोक्यातच नव्हतं. आणि अभ्यास? छे, तो कोण करतंय!

माझ्या तोंडात तीळ भिजत नाही. एका सकाळी मैत्रीण दारात उभी असताना मी कौतुकानं बोलून गेले, "अगं, आमची तर पाचपासून बसलीय. तीन गाईडं संपवली तिनं." मुलीचा चेहरा खर्रकन उतरला. मैत्रीण "हाव का?" एवढंच म्हणाली आणि एकटीच पुढं निघाली.

संध्याकाळी माझी हजेरी घेतली गेली.

"आई, तू माझी इज्जत घालवलीस."

"अभ्यास केला म्हणून इज्जत जाते का गं?"

"तुला काही कळत नाही! तिला वाटंल, मी तिला मागं टाकायला लपून अभ्यास करून राहिले."

"मग तेच तर करून राहिलीस," मी म्हणाले. त्यावर ती रडायला लागली आणि मला आलेलं हसू गिळावं लागलं.

दोन दिवस मैत्रीण बोलवायला आली नाही. तिसऱ्या दिवशी मी वाटीभर शेंगदाण्याची चटणी घेऊन त्यांच्या खोलीवर गेले. आई बाजारात गेली होती. पोरगी पुस्तकांचा पसारा मांडून बसली होती आणि झोप येऊ नये म्हणून तिनं दोन्ही पाय पाण्याच्या बादलीत सोडले होते. मला बघून ते बाहेर काढायचंही तिला सुचेना.

"काकू, तिला सांगू नका. म्हणा, टीव्ही बघत व्हती."

मी खोलीभर नजर फिरवली. "टीव्ही कुठाय गं?"

"मग झोपली व्हती म्हणा."

मी घरी येऊन तसंच सांगितलं. मुलीचा जीव भांड्यात पडला. दुसऱ्या दिवशी दोघी जांभया देत बरोबर शाळेला गेल्या.

परीक्षेला मीच त्यांना एसटीनं लातूरला नेलं. सबंध वाटेत कुणी पुस्तकाला हात लावला नाही. अहमदपूरच्या स्टँडवर गाडी थांबली तशी एक पाणी आणायला उतरली आणि दुसरी बाथरूमला. पाणी आणायला गेलेलीची बाटली सीटवरच होती. मी खिडकीतून पाहिलं तर स्टँडच्या दोन टोकांना दोघी उभ्या, हातात चिठ्ठ्या, ओठ भराभरा हलताहेत. मी हसले आणि कधी नव्हे ते कुणाला काही बोलले नाही.

महिन्याभरानं यादी मोबाईलवर आली. मुलीचं नाव होतं, मैत्रिणीचं नव्हतं. मी ती यादी तीनदा वरून खाली वाचली. पेढे आणावेत की नाही ते कळेना. मला सारखी ती बादली आठवत होती आणि फार वाईट वाटत होतं.

संध्याकाळी मैत्रीण स्वतःच आली. डोळे सुजलेले होते, वेण्या मात्र घट्ट घातलेल्या. माझी मुलगी तिच्याकडे न बघता म्हणाली, "तुक्का लागला गं. मी तर गाईडं उघडलीच नव्हती."

"माझं बी तसंच. मी तर नुसती झोपूनच व्हते."

मग दोघींनी माझ्याकडे पाहिलं. एकीची तीन गाईडं, दुसरीची बादली, सगळं माझ्या जिभेवर आलं होतं.

"दोघी एकीपेक्षा एक आळशी," मी म्हणाले.

मैत्रीण जराशी हसली. "मग ती गाईडं मला दे की. जागा रिकाम्या झाल्या की दहावीला पुन्हा परीक्षा घेतेत म्हणं. तू उघडलीच न्हाईस म्हणल्यावर कोरी करकरीत असतील."

मुलगी आत गेली आणि गाईडं घेऊन आली. बांधणी सुटलेली, पानापानावर तीन रंगांच्या रेघा, कडेला पेन्सिलीनं सोडवलेली गणितं, एकावर चहाच्या कपाचा गोल डाग. तिनं ती पुढं केली. मैत्रिणीनं वरचं गाईड उघडलं, चार पानं चाळली आणि मिटून छातीशी धरलं.

"खिडकीजवळची खाट माझी हाय," ती म्हणाली. "वर्षभर तू झोप तिथं."