लिटरमागे नऊ किलोमीटर

"लिटरमागे नऊ किलोमीटर कुठे गेले, जाधव?"

डॉक्टर सबनीसांनी कम्प्युटरची स्क्रीन माझ्याकडे वळवली. सात नंबरच्या स्कूटरचं अ‍ॅव्हरेज आधी पंचेचाळीस होतं. आता छत्तीस. बाकीच्या गाड्यांचंही दोन-तीनने उतरलं होतं, पण सात नंबर फारच खाली गेली होती.

परळला आमची पॅथॉलॉजी लॅब आहे. घरोघरी जाऊन रक्ताचे नमुने आणायला लॅबच्या चौदा स्कूटर आहेत. त्या चालत्या ठेवणं हे माझं काम. मी ऑटोमोबाइलचा डिप्लोमा केलाय. वडील गिरणीत फिटर होते, त्यामुळे बीडीडी चाळीतल्या आमच्या खोलीत पुस्तकांइतकेच नट-बोल्टचे पाने असायचे. हत्यार हातात धरायला मला कोणी शिकवायची गरज पडली नाही.

सात नंबर चालवायच्या रंजनाताई वैती. वरळी कोळीवाड्यातल्या, लॅबमध्ये अकरा वर्षं. सकाळी सहाला परळहून निघायचं, लालबाग, कॉटन ग्रीन करत गिरगावपर्यंत जायचं आणि साडेदहाच्या आत नमुने लॅबला पोचवायचे, हा त्यांचा रूट. म्हाताऱ्यांच्या शिरा त्यांना एका टोचण्यात सापडतात. पेशंट नाव घेऊन त्यांनाच पाठवायला सांगतात.

"त्यांच्या नवऱ्याची होडी आहे ना?" डॉक्टर म्हणाले. "होडीला इंजिन असतं. मला शंका घ्यायला आवडत नाही, पण आकडे बघा. लेखी खुलासा मागा. पटला नाही तर मला त्यांना ठेवता येणार नाही."

मी खुलासा मागितला. आज सांगायला लाज वाटते, पण आकडा बघून माझ्याही मनात तेच आलं होतं.

रंजनाताईंनी कागद दोनदा वाचला. आवाज चढवला नाही.

"मॅडम, होडी डिझेलवर चालते," त्या म्हणाल्या. "हे तुम्ही तोंडी विचारलं असतं तरी सांगितलं असतं."

त्यांनी तेवढंच एक वाक्य कागदावर लिहिलं, खाली सही केली आणि नमुन्यांची पेटी उचलून गेल्या. मी तो कागद फाइलला लावला. मग डॉक्टरांकडे जाऊन दोन आठवडे मागून घेतले.

पहिलं काम सोपं होतं. अदलाबदल. माझ्याकडे दोन वर्षांची नवी स्कूटर होती. ती रंजनाताईंना दिली आणि सात नंबर मी घेतली. दोघींनी एकाच पंपावर टाकी काठोकाठ भरली. तीन दिवस दोघी एकाच रूटवर, मागेपुढे. शेवटी त्याच पंपावर पुन्हा काठोकाठ भरायची. जितकं पेट्रोल मावलं तितकं जळलं. झालेल्या किलोमीटरना त्याने भागलं की खरं अ‍ॅव्हरेज. आमच्या धंद्यात याला टँक टू टँक म्हणतात. काट्यावर किंवा आठवणीवर विसंबायचं नाही.

गिरगावात एका वाडीत तिसऱ्या मजल्यावरच्या आजींनी मला दारातच अडवलं. "तू कोण? आमची रंजना कुठाय?" रंजनाताई मागून जिना चढत होत्या. त्यांना बघितल्यावर आजींनी हात पुढे केला. मी गाड्यांचा हिशेब ठेवत होते. या बाई इथे काय करतात, ते मी पहिल्यांदाच बघत होते.

तीन दिवसांनी आकडे आले. रंजनाताईंच्या हातात माझी गाडी त्रेचाळीस. माझ्या हातात सात नंबर छत्तीस. म्हणजे खोट गाडीत होती.

डॉक्टरांनी आकडे बघितले आणि वेगळाच प्रश्न काढला. "नवीही त्रेचाळीसच का? गेल्या वर्षी शेहेचाळीस देत होती. पेट्रोलमध्ये भेसळ आहे का?"

"भेसळ नाही, सर. पंपावर लिहिलेलंच असतं. ई ट्वेंटी. शंभर भागांत वीस भाग इथेनॉल."

"वीस? मला दाखवा."

डॉक्टर दाखवल्याशिवाय मानत नाहीत. आम्ही लॅबचा मापाचा उभा काचेचा सिलिंडर घेऊन गच्चीवर गेलो, मोकळ्या हवेत, आसपास आग नाही अशा जागी. त्यात वीस मिली पाणी आणि वर ऐंशी मिली पेट्रोल घातलं. झाकण लावून हलवलं, ठेवून दिलं. पेट्रोल पाण्यात मिसळत नाही, इथेनॉल मात्र लगेच मिसळतं. थोड्या वेळाने खालचा थर पस्तीसच्या रेघेवर चढलेला दिसला. म्हणजे ऐंशी मिलीतलं पंधरा-सोळा मिली पाण्याकडे गेलं होतं. साधारण वीस टक्के.

डॉक्टर खाली वाकून रेघ बघत राहिले. "हे कळलं," ते म्हणाले.

इथेनॉल म्हणजे उसाच्या मळीपासून, धान्यापासून बनणारं अल्कोहोल. ते आपल्या शेतातून येतं, तेवढं तेल बाहेरून आणावं लागत नाही, हा त्याचा फायदा. पण लिटरला लिटर धरलं तर त्यात पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ताकद कमी असते. पाचवा हिस्सा इथेनॉल म्हणजे कागदावर अ‍ॅव्हरेज सहा-सात टक्क्यांनी उतरणार. रस्त्यावर बहुतेकदा थोडं कमी उतरतं.

"मग इथेनॉल नसलेलं भरा," डॉक्टर म्हणाले.

शंभर ऑक्टेनचं पेट्रोल तसं मिळत होतं, पण जवळजवळ दीडपट भावाने. तरी करून बघितलं. माझ्या गाडीची टाकी रिकामी करून ते भरलं, तोच रूट, तेच तीन दिवस. पंचेचाळीस मिळालं. लिटरमागे दोन किलोमीटर जास्त. दोन किलोमीटरसाठी दीडपट पैसे कोण देईल? डॉक्टरांनी स्वतःच नको म्हटलं.

आता इथेनॉलचा वाटा कळला होता. दोन, फार तर तीन. सात नंबरचे बाकीचे सहा किलोमीटर अजून सापडायचे होते.

ते रंजनाताईंनीच शोधले. "मॅडम, एक विचारू? ही गाडी उन्हातून आणून लावली की पेट्रोलचा वास येतो. बंद असताना. मी सर्व्हिसिंगच्या वेळी सांगितलेलं."

मी गाडीची बॉडी खोलली. टाकीपासून कार्बोरेटरपर्यंत, म्हणजे जिथे पेट्रोल आणि हवा मिसळते तिथपर्यंत, एक रबरी पाइप असतो. तो दाबला तर बोट आत रुतलं. टोकाला फुगला होता, खालून बारीक चीर. दहा वर्षांपूर्वीचं रबर, जुन्या पेट्रोलसाठी बनवलेलं. सगळ्याच जुन्या गाड्यांत असं होतं असं नाही, पण इथेनॉलने असं रबर मऊ पडू शकतं. पेट्रोल थेंबथेंब झिरपत होतं आणि गरम इंजिनावर उडून जात होतं. जमिनीवर डागसुद्धा पडत नव्हता. आग लागली नाही हे नशीब.

मग मी सर्व्हिसिंगची फाइल काढली. रंजनाताईंची तक्रार त्यात होती. "पेट्रोलचा वास." पुढे शेरा होता, "तपासले, ओके." खाली माझी सही.

पाइप बदलायचं सांगणारी कंपनीची सूचनाही माझ्याकडे आली होती. मी ती नंतर बघू म्हणून ठेवून दिली होती.

ही फाइल डॉक्टरांना दाखवायची की नाही, यावर मी एक कप चहाभर विचार केला. मग घेऊन गेले.

"चूक माझ्या खात्याची आहे, सर. खुलासा मी द्यायला हवा."

त्यांनी सही बघितली, माझ्याकडे बघितलं. "जुन्या गाड्या किती?"

"सहा."

"सगळ्यांचे पाइप या आठवड्यात बदला. आणि वैतीबाईंना बोलवा. मला त्यांच्याशी बोलायचंय."

डॉक्टरांनी माझ्यासमोर त्यांची माफी मागितली. थोडक्यात, पण उभं राहून. मीही मागितली. रंजनाताईंनी ऐकून घेतलं. म्हणाल्या, "तो कागद फाइलमधून काढा. माझ्या पोरीला याच लॅबमध्ये टेक्निशियन म्हणून लागायचंय. तिने तो वाचायला नको."

कागद त्यांच्या हाती दिला.

नवा पाइप घातला, कार्बोरेटर साफ केला, टायरची हवा नीट केली. सात नंबर बेचाळीसवर आली. डॉक्टरांनी अ‍ॅव्हरेजचा ठरलेला आकडा सगळ्यांसाठी पंचेचाळीसवरून बेचाळीसवर आणला. चौदा जणांच्या डोक्यावरचा भार उतरला. रंजनाताईंची मुलगी यंदा शेवटच्या वर्षाला आहे.

आता कुठल्याही गाडीचं अ‍ॅव्हरेज पडलं की मी आधी दोन गाड्यांची अदलाबदल करते. त्याला तीन दिवस लागतात. खुलासा मागायला दोन मिनिटं लागतात, म्हणून तोच आधी मागितला जातो.