रोडग्यांचं माप

मी स्वयंपाकाच्या ऑर्डरी घेते. राहते अमरावतीत, जाते थेट अकोल्यापर्यंत, आणि रोडगे माझ्यासारखे या पट्ट्यात कोणी करत नाही. हे मीच सांगते, कारण दुसरं कोणी सांगेल म्हणून वाट पाहत बसायला मला वेळ नाही. ज्यांनी रोडगे खाल्लेच नाहीत त्यांची मला कीव येते, तरी सांगते. जाड दळलेल्या गव्हाच्या पिठाचे गोळे करायचे, आत तेलाचे थर द्यायचे, गोवऱ्यांच्या निखाऱ्यात पुरून भाजायचे, मग राख झटकायची, फोडायचे आणि तुपात बुडवायचे. सोबत वांग्याची झणझणीत भाजी आणि वरण. हे काम घाईनं होत नाही. पंगत बसल्यावर कमी पडले तर दुकानातून आणून भागत नाही. सकाळी जेवढे निखाऱ्यात गेले तेवढेच दुपारी ताटात येतात, म्हणून सगळं येऊन ठेपतं ते सकाळच्या मापावर.

हे माप बरीच वर्षं आमचे हे ठरवायचे. नांदगाव पेठच्या एका कापड कारखान्यात ते हिशेब पाहायचे, ती नोकरी सोडून माझ्या धंद्यात आले. माणसामागे किती पीठ, किती वांगी, किती तूप, सगळं तोंडपाठ. खोटं कशाला बोलू, त्यांचं माप सहसा चुकायचं नाही. पण मला आतून काही वाटलं आणि मी बोलले, की कपाळावर आठ्या! "वाटून राह्यलं म्हणजे काय वं? कशावरून वाटून राह्यलं ते सांग." आणि इथंच माझं तोंड बंद व्हायचं, कारण कशावरून ते मलाच ठाऊक नसायचं. मग दिवसभर मी भांडी आदळायची आणि ते ऐकून न ऐकल्यासारखं करायचे.

हे वाटणं काही मी जन्माला येताना सोबत घेऊन आले नाही. ऑर्डरी घ्यायच्या आधी मी मेस चालवायची, कॉलेजच्या मागच्या गल्लीत, दोन खोल्यांत. पोट्टे-पोट्ट्या जेवायला यायचे, पण आज किती जण येणार हे कोणी सांगून जात नसे. सुरुवातीला एक तर पोळ्या उरायच्या, नाही तर ओरड व्हायची. मग हळूहळू, कधीपासून ते मला सांगता येणार नाही, कणीक भिजवताना माझा हात आपोआप थांबायला लागला. परातीत अजून पीठ घ्यायला जावं आणि हात पुढेच जाऊ नये. दुपारी कळायचं, अर्धी पोरं मॅच पाहायला पळाली. आदल्या दिवशी ताटं उचलताना त्यांचं बोलणं माझ्या कानावर पडलेलं असायचं, पण कामाच्या गडबडीत माझं लक्ष नसायचं. डोक्यानं मात्र ते कुठंतरी जपून ठेवलेलं असायचं.

एकदा फसलेही. आभाळ भरून आलं होतं, अंग ठणकत होतं, आणि मनानं घेतलं की आज काही कोणी येत नाही. सगळे आले, वर दोघातिघांनी पाहुणे आणले! खिचडी टाकता टाकता स्वतःलाच शिव्या घातल्या. तो अंदाज नव्हताच, तो माझा कंटाळा होता. तेव्हापासून मी एक पारख करायला लागले. कंटाळा आणि भीती लय बोलतात, कारणं देतात, पटवून सांगतात. खरा अंदाज काही बोलत नाही, नुसता पाय अडवतो. आजही काही वाटलं की मी आधी तेवढं पाहून घेते.

तर अकोल्याकडची आमची पहिली मोठी ऑर्डर आली ती एका जावळाची. नातवाचे पहिले केस काढायचे होते आणि त्या निमित्तानं शेतात रोडग्यांचं जेवण होतं. गाव अकोल्यापासून अर्ध्या तासावर, दिवस कापूस वेचणीचे. ऑर्डर दिली होती त्या घरच्या मुलानं, जो पुण्यात नोकरीला होता. त्यानं सगळ्यांना फोनवर पत्रिका पाठवली, येणार की नाही ते फोनवरच विचारून घेतलं आणि आम्हाला ठाम आकडा दिला, तीनशे. गुणी मुलगा, काकू काकू करत बोलायचा. आमचे हे तर त्याच्यावर फिदा. "असं गिऱ्हाईक पायजे," म्हणाले, "नाही त आपले लोक. पन्नास सांगतात अन् दोनशे येतात."

आदल्या दिवशी सायंकाळी टेम्पो घेऊन आम्ही पोचलो. घरच्या बाईला, म्हणजे त्या मुलाच्या आईला, मी विचारलं, "ताई, माणसं किती धरू?"

"माह्या पोरानं सारं ठरवलं जी, त्यालेच पुसा," त्या म्हणाल्या आणि घाईनं निघून गेल्या. दुसऱ्या दिवशी पहाटेच सगळं घर बाळाला आणि न्हाव्याला घेऊन शेताच्या टोकाच्या देवीकडे गेलं. तिथली पूजा आटोपून दुपारी परतणार होतं. मागे थांबला तो फक्त हा मुलगा, आमचं काही अडलं तर पाहायला.

मठ्ठ्यासाठी दही कुठं मिळतं ते पाहायला मी सकाळी गावातून एक चक्कर मारली. थंडी मजबूत होती. बायका घोळक्या-घोळक्यानं वेचणीला निघाल्या होत्या, कमरेला कापसाची ओटी बांधून, हसत-खिदळत. एकीनं मला पाहून विचारलं, "तुमीच काय वं रोडगेवाल्या?" मी हो म्हटलं, तर सगळ्या एकमेकींकडे पाहून हसल्या. दही ठरवलं आणि परत शेतात आले. पीठ परातीत काढलेलं होतं, आमच्या हाताखालच्या बायका मळायला बसणारच होत्या. आणि माझे पाय अडले. काहीतरी खटकत होतं. काय ते काही केल्या कळेना.

मी स्वतःला चाचपून पाहिलं. कंटाळा म्हणावा, तर कंटाळ्यानं काम कमी सांगितलं असतं, इथं तर वाढत होतं. भीती म्हणावी, तर मन एकदम शांत होतं. मग मी आमच्या ह्यांच्याकडे गेले.

"अहो, पीठ कमी हाये. याच्या निम्मं अजून लागन."

"काहून? कोणाचा फोन आला काय?"

"नाही."

"घरच्या कोणी सांगतलं?"

"नाही. मले वाटून राह्यलं."

त्यांनी हातातला झारा खाली ठेवला. "हे पाह्य, अकोल्याकडची पयली ऑर्डर हाये आपली. ढीगभर उरलं त लोक म्हणतीन, यायले मापच समजत नाही. पुन्हा इकडे कोणी बलावणार नाही आपल्याले."

"आन् कमी पडलं त?"

"तीनशे सांगतले, तीनशाले पुरते. कमी कायले पडते?" ते तापले होते. मीही तापले. मी म्हटलं, जास्तीचं सगळं माझ्या पदरचं, पण करणार म्हणजे करणार. ते म्हणाले, "ठीक हाये. आज तुह्या मनानं होऊ दे. पण उरलं, त आजपासून मापाच्या गोष्टीत तू तोंड उघडायचं नाही. कबूल?"

"कबूल. आन् नाही उरलं, त यापुढं माप माह्यं."

त्या मुलानंही येऊन मला फोन दाखवला. "काकू, सगळ्यांचे होकार आलेत, आकडा एकदम पक्का आहे." तो चुकीचं काही बोलत नव्हता. मी म्हटलं, "बाळा, तुझा आकडा बरोबर आहे, तरी मी करणार." बिचारा गोंधळून निघून गेला. मग एकच धांदल उडाली. गावच्या चक्कीवर गहू जाड दळून आणले. शेजारच्या वावरात एक माळ्याचं घर भाजीपाला करायचं, त्यांनी समोर उभं राहून काटेरी वांगी तोडून दिली. गोवऱ्या कमी पडल्या, त्याही त्यांच्याच गोठ्यामागून आणल्या. दुसरा निखारा पहिल्याच्या निम्मा झाला. तणतणत का होईना, पण आमचे हे सगळं करत होते.

दुपारी घरची मंडळी देवीकडून परतली आणि पाहुणे आले. अकोल्याच्या गाड्या, अमरावतीच्या गाड्या, पुण्याची मित्रमंडळी. पंगती बसल्या, लोकांनी बोटं चाटली, दोघी-चौघी तर माझा नंबर घेऊन गेल्या. आणि सगळे उठले तेव्हा माणसं झाली होती तीनशेच्या आसपास. त्या मुलाचा आकडा तंतोतंत खरा ठरला होता. गाड्या गेल्या. शेत रिकामं झालं. राखेत रोडगे तसेच पडून होते आणि भाजीचं मोठं भगोनं झाकण ठेवून बाजूला होतं.

आमचे हे मला बोलले असते तर बरं झालं असतं, मी चार उलटे शब्द बोलून मोकळी झाले असते. पण ते रिकामी भांडी घासायला काढू लागले. तो मुलगा जवळ आला आणि अगदी जपून म्हणाला, "काकू, उरलेलं अकोल्यात नेऊन कुठं वाटून टाकू या का?" त्याच्या आवाजात माझ्याबद्दल दया होती. दया मला सहन होत नाही. मी ओरडलेच, "राखेला कोणी हात लावायचा नाही!" का ओरडले, कोणाच्या भरवशावर ओरडले, देव जाणे. त्या घडीला माझ्याजवळ एकही कारण नव्हतं.

ऊन कलायला लागलं आणि बांधावरून बायका येताना दिसल्या.

एक घोळका, त्याच्या मागे दुसरा, त्याच्या मागे तिसरा. वेचलेला कापूस मोजून देऊन थेट वावरातून निघाल्या होत्या. केसांत कापसाचे तंतू, ओट्या मोकळ्या झालेल्या. गावाकडून काठ्या टेकत म्हातारे निघाले, दप्तरासकट शाळेची पोरं निघाली. आणि त्या बायकांचे रिकामे हात पाहिले तेव्हा सकाळपासून मला काय खटकत होतं ते लख्ख कळलं. वेचणीला जाणारी बाई जेवणाचा डबा घेतल्याशिवाय घराबाहेर पडत नाही. त्या सकाळी एकीच्याही हातात डबा नव्हता. गावात एकाही घरातून कुकरची शिट्टी ऐकू आली नव्हती, फोडणीचा वास आला नव्हता. हे सगळं मी पाहिलं होतं, ऐकलं होतं. मला कळायच्या आधी माझ्या पायांना कळलं होतं.

मुलगा धावत आईकडे गेला. "आई, एवढे लोक कोणी बोलावले?"

"म्या," आई म्हणाली. "काल घरोघर जाऊन कुंकू लावलं, चूलबंद आवतण देल्लं. वेचणी झाली की या म्हटलं."

चूलबंद म्हणजे घरातल्या एकूण एक माणसाला जेवण. त्या दिवशी त्या घरात चूल पेटवायची नाही, इतकं ते पक्कं. आमच्याकडे अजूनही कार्य असलं की गावाला असंच सांगतात.

"मला सांगायचं तरी!"

"हे काय सांगाले लागते? जावळ हाये घरी. फोनवरचं आवतण गावात कोण धरते बावा?" त्या एवढं बोलल्या आणि त्यांची नजर आमच्या भांड्यांकडे गेली. ऑर्डर पोराच्या आकड्यानं दिली आहे, हे त्यांच्या तेव्हा ध्यानात आलं. तरातरा चालत त्या माझ्याकडे आल्या आणि माझं मनगट धरलं. "पुरन काय वं बाई? सकाळपासून उपाशी हायेत साऱ्या, माह्या भरवशावर. अशाच परत गेल्या त ह्या गावात मले तोंड दाखवता येणार नाही."

"पुरन," मी म्हटलं. "बसवा पंगत."

आजवर मी लय शब्द बोलले असेन, पण त्या एका शब्दासारखा दुसरा नाही. राख उकरली. रोडगे निघाले तांबूस, खुसखुशीत, हातात धरवत नाहीत असे गरम. सकाळी मला हसलेल्या त्या बायका पहिल्या पंगतीला बसल्या आणि जेवल्या अशा, की वाढणाऱ्यांची दमछाक झाली. शेवटच्या पंगतीला भाजी जरा पातळ वाढली, तेवढं सोडा. उपाशी कोणी गेलं नाही. घरच्या बाई सगळ्यांत शेवटी बसल्या, मी स्वतः त्यांना वाढलं. माझी छाती अशी भरून आली होती की मला माझाच हेवा वाटत होता. आमचे हे तुपाचं भांडं घेऊन पंगतीतून फिरत होते आणि मोठ्यानं म्हणत होते, "घ्या माय, लाजू नका, तुमच्यासाठीच करून ठेवलं हाये!" जसं काही सकाळी त्यांनीच पीठ वाढवलं होतं.

परतताना टेम्पोत आम्ही दोघं ड्रायव्हरच्या शेजारी बसलो. दोघंही थकलेले. बडनेऱ्याच्या अलीकडे त्यांचा फोन वाजला. अंजनगाव सुर्जीहून कोणी लग्नाच्या स्वयंपाकाचं विचारत होतं. आता हे नेहमीसारखे माणसामागचे आकडे घडाघडा सांगणार, म्हणून मी डोळे मिटून घेतले.

"थांबा जी," ते म्हणाले. "आमच्याकडे माप बाई ठरवते." आणि फोन माझ्या हातात दिला.

मी फोन कानाला लावला. पलीकडचा माणूस विचारत होता, चारशे लोकांना किती लागेल.

"भाऊ," मी म्हटलं, "आधी तुमचं गाव पाहू द्या, मग सांगते."