दादाचा कॉम्प्युटर आणि खुला ड्रायव्हर

दादा गेल्यावर मी त्याच्या लिनक्स कॉम्प्युटरवर अपडेट केलं आणि स्क्रीन काळीच राहिली. आईबद्दल तो लिहीत होता ते आत होतं. दुसरी प्रत नव्हती.

पनवेलचा दुरुस्तीवाला म्हणाला, "कंपनीने या जुन्या ग्राफिक्स कार्डाचा ड्रायव्हर, म्हणजे स्क्रीनवर चित्र आणणारं सॉफ्टवेअर, सोडून दिलाय; नव्या अपडेटवर तो चालत नाही. नवं कार्ड खपवायचंय ना!"

"मग दुसऱ्या कुणी तो दुरुस्त करावा."

"कंपनीवाले त्याचा कोड देतात कुठे? फॉरमॅट मारू, सर? सगळं पुसून नव्याने टाकतो."

"हात लावू नका!" मी ओरडलोच.

"अहो, चिडता काय! खुला ड्रायव्हर टाकून बघतो, त्याचा कोड सगळ्यांना मिळतो. अशी जुनी कार्डं असलेल्यांनीच लिहिलाय. चाललाच तर रखडत चालेल."

त्याने तो टाकला आणि कॉम्प्युटर पुन्हा सुरू केला. शेवटी दादाची फाइल उघडली. पान सरकायला फार वेळ लागत होता. मला घाई नव्हती.