काशीआत्याच्या पदरच्या ओळी

काशीआत्या पोथी वाचताना पदरचं घालायची. ती तसं का करायची हे मला कळलं तेव्हा फार उशीर झाला होता, आणि घोळ मीच घातला होता. इतकी वर्षं झाली तरी आठवलं की माझाच मला संताप येतो.

आत्या म्हणजे आबांची, माझ्या वडिलांची, धाकटी बहीण. बाराव्या वर्षी विधवा झाली. सासरे हठयोगी. त्यांची दृष्टी गेल्यावर योगाची पोथी वाचून दाखवायला घरात दुसरं कोणी नव्हतं, म्हणून त्यांनी सुनेला अक्षरं शिकवली. ती वाचत गेली, ते करून दाखवत गेले, कुठे काय बिघडतं तेही सांगत गेले. सासरे वारल्यावर पोथी उराशी धरून ती कल्याणला आमच्याकडे आली. योग म्हणजे अंगाच्या गाठी मारणं, असं लोकांना वाटे. ती हसायची. "अरे, अख्ख्या पोथीत आसनं पंधरा. त्यातली निम्मी नुसती बसायची! खरं काम श्वासाचं."

आणि आमच्या आबांना दमा. खाडीवरचा दमट वारा सुटला की खांबाला धरून बसत. आत्या म्हणाली, "दादा, मी सांगते तसं करून बघ." आबा धापा टाकत ओरडले, "आता बायकांनी मला योग शिकवायचा? गावात तोंड दाखवायला जागा ठेवशील की नाही?" घ्या! जीव कंठाशी आलाय आणि यांना गावाची काळजी.

मग आत्या रोज सकाळी माजघरात पोथी मोठ्याने वाचू लागली. आधी श्लोक, मग मराठीत अर्थ. ओटीवर आबांना सगळं ऐकू जाई. शास्त्र ऐकायला त्यांची हरकत नव्हती. "दमेकऱ्याने श्वास कोंडू नये. घ्यायला लागेल त्याच्या दुप्पट वेळ सोडायला लावावा. घाम फुटला तर थांबावं." आबा मुकाट्याने तसं करत. चार महिन्यांत ते खाडीपर्यंत चालत जाऊ लागले.

मी तेव्हा ठाण्याच्या कचेरीत कारकून. मला कुठली अवदसा आठवली कोण जाणे! म्हटलं, एवढी गुणकारी पोथी, छापून काढावी. आगगाडीने ठाण्याला नेली आणि एका शास्त्रीबुवांना दाखवली. पानं उलटून ते म्हणाले, "दमेकऱ्याने असं करावं, हे यात कुठेच नाही. कुंभक करा, श्वास कोंडा, असं मात्र पानोपानी आहे. बाकीचं गुरूकडून समजून घ्या म्हणतात." मी गाढवाने घरी येऊन ते आबांना जसंच्या तसं सांगितलं.

"काशे, फसवलंस मला," एवढंच आबा म्हणाले. दुसऱ्या दिवसापासून पोथीत आहे तेवढंच करायचं म्हणून श्वास कोंडू लागले. आत्या रडकुंडीला आली. "दादा, चुकीच्या कुंभकाने दमा होतो, असं त्याच पोथीत लिहिलंय रे! हे माझं नाही. विचार शास्त्र्यांना."

"तुझं वाचणं पुरे झालं."

मी मध्ये पडायला हवं होतं. नाही पडलो. बापापुढे बोलायची रीत नव्हती म्हणे! थंडी सरायच्या आत आबा गेले.

वर्षश्राद्ध झाल्यावर मी वही घेऊन आत्यापुढे बसलो. ती तांदूळ निवडत होती. म्हटलं, "सासऱ्यांनी शिकवलेलं सगळं सांग, मी लिहून घेतो. एक अक्षर गाळणार नाही."

"आणि वर नाव कुणाचं घालशील?"

"त्यांचंच घालू. म्हणजे लोक मानतील."

तिने सूप खाली ठेवलं. "म्हणजे वासू, तुलाही माझ्या तोंडून नकोच."

त्यानंतर ती नऊ वर्षं आमच्या घरात होती. मी हात जोडले, पाया पडलो, चिडलोसुद्धा. श्वासाबद्दल ती पुन्हा एक शब्द बोलली नाही.