बिननावाचा जांभळा ब्लाऊजपीस

माझ्या लग्नासाठी डेकोरेशनवाल्याने जो अल्बम दाखवला, त्यात खुर्च्यांच्या पाठीला साटीनचे मोठमोठे बो बांधलेले होते. शाळेला निघालेल्या, रिबिनी लावलेल्या मुलींसारख्या दिसत होत्या त्या खुर्च्या. मला हसू आलं. त्याने आकडा सांगितला आणि पप्पांचं हसू मावळलं. "अंथरूण बघून पाय पसरावेत," म्हणत त्यांनी अल्बम मिटला.

पप्पा फौजेतून रिटायर झालेले. साताऱ्यातला एक छोटा हॉल त्यांनी ठरवला होता आणि तेवढ्यात सगळं बसवायचं होतं. मला मात्र लग्न देखणं हवं होतं. आमच्याकडे जेवणाच्या लांबलचक टेबलांवर कागदाचा रोल अंथरला की सजावट संपते. त्या पांढऱ्या कागदावर काय घालावं ते सुचेना, म्हणून मी घर उचकायला घेतलं. बंद दिसेल ते उघडून बघायची मला लहानपणापासून खोड आहे. आई तिला भोचकपणा म्हणते आणि ते खोटं नाही.

पलंगाखाली पप्पांची काळी फौजी ट्रंक होती. उघडली, तर काठोकाठ ब्लाऊजपीस. आमच्याकडे बाई कुणाच्या कार्याला गेली की ओटीत एक ब्लाऊजपीस घेऊनच परतते. तो सहसा कुणी शिवत नाही. पुढच्या बारशाला तो दुसरीच्या ओटीत जातो आणि तिथून तिसरीच्या. काही पिसांच्या तर पप्पांपेक्षा जास्त बदल्या झाल्या असतील. शेवाळी, आमसुली, डाळिंबी, चिंतामणी असे एवढे रंग एका ट्रंकेत बघून मला माझी टेबलं सापडली. चार-पाच पीस जोडून लांब पट्टा करायचा, तो टेबलाच्या मधोमध टाकायचा आणि त्यावर गल्लीतून मागून आणलेले पितळी तांबे ठेवायचे. तांब्यांत फुलांऐवजी शाळूची कणसं.

पीस निवडताना लक्षात आलं, प्रत्येकाच्या कोपऱ्यावर बॉलपेनने बारीक अक्षरात काहीतरी लिहिलंय. 'मामी, इस्लामपूर.' 'शेजारच्या काकू, हळदीकुंकू.' 'धाकटी जाऊ, दिवाळी.' अर्धा दिवस मी ते कोपरेच वाचत बसले. कोण कधी आलं, कुणी भारी दिला, कुणी नुसतीच वेळ मारून नेली, सगळं त्यात होतं.

"आई, हे कशाला लिहितेस?"

"ज्येचा त्येलाच परत जाऊ नये म्हणून."

"गेला तर काय होतं?"

आई उठून स्वयंपाकघरात निघून गेली. आता मला कुठली झोप! ट्रंक तळापर्यंत उपसली. तळाशी एका जुन्या पिशवीत जरीच्या बुट्ट्यांचा जांभळा पीस होता. अख्ख्या ट्रंकेत तेवढ्या एकावरच नाव नव्हतं.

दुसऱ्या दिवशी आई मेथी निवडत होती. मी तो पीस तिच्यापुढे धरला. तिने हातातली जुडी बाजूला ठेवली.

"तुज्या आत्याचा हाय त्यो," म्हणाली.

आत्या म्हणजे पप्पांची थोरली बहीण, कुंडलची. आठ वर्षं ती आमच्या घराची पायरी चढली नव्हती. का, ते आम्हा पोरांना कुणी सांगितलं नव्हतं. आमच्या वास्तुशांतीला तिने आईसाठी हा पीस मुद्दाम सांगलीला जाऊन आणला होता. दोन वर्षांनी तिच्या नातवाच्या बारशात आईने घाईघाईत तिची ओटी भरली, ती नेमकी याच पिसाने. आत्याला वाटलं, आपण हौसेने दिलेलं आईने मुद्दाम आपल्यालाच परत केलं. आठ दिवसांनी पप्पांच्या हातून पीस तेवढा परत आला. तेव्हापासून आई कोपऱ्यावर नावं लिहायला लागली.

"मग चुकून गेला म्हणून सांगायचंस ना!"

"कुणाला सांगू? त्या आल्याच न्हाईत. आन् मला जायचं त्वांड न्हवतं."

पप्पा पत्रिका घेऊन दोनदा कुंडलला जाऊन आले होते. दोन्ही वेळा आत्या "बघू" म्हणाली होती. बाकी कशाचीच ते कधी तक्रार करत नाहीत, पण त्या आठवड्यात रोज एकदा तरी म्हणायचे, "आक्का आली पायजे." मला फार वाईट वाटायचं. माझ्या लग्नात त्यांना तेवढं एकच हवं होतं.

पट्टे करायला आईने परवानगी दिली, पण एका अटीवर. "कापायचा न्हाई एकबी. आन् नावं आत दुमड, लोक काय म्हणतील!" मी कच्चा धावदोरा घालून पीस जोडले. नावं मात्र दुमडली नाहीत. ती वाचून लोक काय करतील, ते मला बघायचं होतं. आणि शेवटच्या पट्ट्यात, आईला न सांगता, तो जांभळा पीस घातला. हे शहाणपण होतं की आगाऊपणा, मला आजही ठरवता येत नाही.

लग्नाच्या दिवशी अक्षता पडायच्या जरा आधी आत्या आली. मागेच उभी राहिली. पप्पांनी तिला जेवायला नेऊन बसवलं ते मी सांगून ठेवलेल्या टेबलाशी.

रिवाजाप्रमाणे आम्ही नवरा-नवरी जिलेबीचा आग्रह करायला पंगतीत फिरू लागलो. मागून ताट घेऊन आई. टेबलाटेबलांवर बायकांचा नुसता गोंधळ चालला होता. "आगं, ह्यो तर मी दिल्याला!" "आवं, मी ह्यो इस्लामपुरात दुसरीलाच दिल्याला, साताऱ्याला कवा पोचला?" आईने माझ्याकडे असं बघितलं, की अंगावर शालू नसता तर धपाटाच बसला असता.

मग आत्याचं टेबल आलं. तिच्या पानातलं अन्न तसंच होतं. समोरचा तांब्या तिने बाजूला सरकवला होता आणि जांभळ्या पिसावर हात ठेवला होता.  

"ह्यो आजून ठिवलायस व्हय?" आत्याने विचारलं.

"कुणाला देऊ वन्सं? तुमचा हुता." आईने ताट टेबलावर ठेवलं. "चुकून गेल्याला त्यो. देवाशप्पथ, मुद्दाम न्हाई दिला."

आत्या पट्टा उलटसुलट करून कोपरे बघू लागली. "सगळ्यांची नावं हायत. माजंच न्हाई."

"तुमी यायचं बंद झालासा, तवापास्नं लिवाय लागले."

 आहेर लिहिणाऱ्या काकांकडून आत्याने पेन मागवलं. जांभळ्या कोपऱ्यावर, सावकाश, मोठ्या वाकड्या अक्षरांत लिहिलं, 'नणंद, कुंडल.' पेन परत दिलं आणि आईला म्हणाली, "आता कुणाला दिऊ नगंस. शिव." आणि माझ्या हातातली जिलेबी पानात घेतली.

पप्पा पलीकडे वाढप्यांना उगाचच सूचना देत उभे होते. त्यांनी चष्मा काढून पुसला.

महिन्याभराने मी न सांगता माहेरी आले, तर दाराला कुलूप. शेजारच्या काकूंनी खिडकीतूनच सांगितलं, "तुजी आई कुंडलला गेलीया, नणंदंकडं. नवा जांभळा ब्लाऊज घालून."